दार पुन्हा पुन्हा घासतंय? रंध्याला हात लावण्याआधी हे बघा

लाकडी दार चौकटीला घासायला लागतं. आपण वरचा कोपरा थोडा तासून घेतो, चार-सहा महिने बरे जातात आणि दार परत घासतं. आमच्या घरात एकाच दाराने हा त्रास तीनदा दिला. त्यानंतर नातेवाइकांची, शेजाऱ्यांची मिळून पंधराएक दारं बाबांनी आणि मी सरळ केली असतील. त्यातल्या दोनच दारांना खरोखर रंधा मारावा लागला. बाकीची स्क्रू, पुठ्ठ्याचे तुकडे आणि मेणबत्तीच्या तुकड्यावर सुटली.

तेव्हा मुख्य गोष्ट आधीच सांगते. दार जिथे घासतं तिथे बहुतेक वेळा दोष नसतो. घासतं कडीच्या बाजूला आणि बिघाड असतो समोरच्या बाजूला, बिजागरीत. घासलेली जागा तासली की आवाज थांबतो, पण बिजागरी सैल ती सैलच राहते आणि दार हळूहळू आणखी खाली उतरतं.

दुसरं, हे काम एकट्याने करू नका. दाराचं वजन एकाने उचलून धरायचं आणि दुसऱ्याने स्क्रू आवळायचा, यावर अर्धी दुरुस्ती अवलंबून आहे. आई किंवा वडील सोबत असतील तर फार चांगलं, कारण ते दार कधी बसवलं, आधी कोणी तासलं, कुठली बिजागरी बदलली हे त्यांना आठवत असतं आणि त्या माहितीने निम्मा शोध वाचतो. फक्त कामं नीट वाटून घ्या. वजन तरुण माणसाने घ्यायचं. खाली बसून करायचं काम, म्हणजे खालची बिजागरी, तीही तरुण माणसाने करायची. वरची बिजागरी, मापं, खडूच्या खुणा आणि ‘थांब, आता बरोबर आहे’ हे सांगणं वडीलधाऱ्यांकडे. बाबांची नजर आता बारीक स्क्रूवर ठरत नाही, पण फट वर-खाली सारखी आहे का हे त्यांना चार पावलं मागे उभं राहून माझ्याआधी कळतं.

आधी लक्षणं ओळखा

सगळी घासणारी दारं एका कारणाने घासत नाहीत. हत्यार हातात घेण्यापूर्वी दार दहा वेळा उघडा, बंद करा आणि यातलं काय होतंय ते बघा.

- कडीच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीला घासतो किंवा त्याच बाजूचा खालचा कोपरा जमिनीला. मूठ धरून दार किंचित उचललं की अलगद लागतं. हे दार उतरलंय. सगळ्यात जास्त वेळा हेच असतं.
- कडीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत सारखंच दाटतं. दमट दिवसांत वाढतं, हवा कोरडी झाली की कमी होतं. इथे लाकूड फुगलंय.
- शेवटच्या बोटभर अंतरात दार मागे ढकलल्यासारखं होतं. दाबून लावलं तर लागतं, सोडलं की उघडतं. इथे बिजागरीची बाजू दाटतेय.
- कुठेच घासत नाही, पण लॅच लागत नाही.
- दार आपोआप उघडतं किंवा आपोआप मिटतं. चौकट ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी, नाही.
- वरची फट पाचरीसारखी, एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला रुंद, आणि जोडीला चौकटीच्या कोपऱ्यापासून भिंतीत तिरका तडा. हे लक्षण असेल तर मधलं सगळं सोडून थेट शेवटचा भाग वाचा.

पहिली तपासणी: कागद आणि खडू

दार बंद करा. एक साधा कागद फटीत घालून वरपासून खालपर्यंत सरकवा. जिथे अडकतो तिथे पेन्सिलने खूण करा. चारही बाजूंनी करा, बिजागरीची बाजूही सोडू नका. चांगल्या बसलेल्या दाराला दोन्ही बाजूंनी आणि वर साधारण २ ते ३ मि.मी. फट असते. खाली थोडी जास्त चालते.

मग दाराच्या कडेला खडू घासा, दार एकदा लावून उघडा. चौकटीवर खडू जिथे उमटला तीच घासणारी जागा. डोळ्यांना दिसणारी जागा आणि खडूची जागा नेहमी एक नसतात. रंग उडालेला कोपरा बघून आपण समजतो इथेच घासतंय, पण तो रंग दोन वर्षांपूर्वी उडालेला असू शकतो.

या तपासणीला पैसे लागत नाहीत आणि पाच मिनिटांत होते. तरी बहुतेक जण हीच गाळतात आणि मग चुकीची कड तासून बसतात.

दुसरी तपासणी: दार उचलून बघा

दार अर्धं उघडा. एकाने मूठ दोन्ही हातांनी धरून दार सरळ वर उचलायचं, जोर न लावता, जेमतेम हलेल इतकंच. दुसऱ्याने त्याच वेळी वरच्या बिजागरीकडे टक लावून बघायचं. इथे तीन गोष्टी दिसू शकतात.

बिजागरीचं पान, म्हणजे स्क्रूने बसवलेली सपाट पट्टी, चौकटीपासून सुटून परत टेकत असेल तर चौकटीतले स्क्रू सैल आहेत. पान दाराच्या बाजूने हलत असेल तर दारातले. दोन्ही पानं घट्ट आहेत, पण मधली खीळ आणि नळी एकमेकांत खुळखुळतात, तर बिजागरीच झिजली आहे. अशा बिजागरीखाली बऱ्याचदा काळसर धातूची पूड पडलेली सापडते. ती स्क्रू आवळून सुधारत नाही, बदलावी लागते.

वरच्याच बिजागरीकडे का बघायचं? समजा दार ३० किलोचं आहे, ९० सें.मी. रुंद आणि वरच्या-खालच्या बिजागरीत दीड मीटर अंतर. दाराचं वजन मधोमध, म्हणजे बिजागरीपासून ४५ सें.मी.वर लोंबतं. ३० गुणिले ४५ भागिले १५०, उत्तर ९. म्हणजे वरच्या बिजागरीला रात्रंदिवस सुमारे ९ किलोची ओढ चौकटीपासून बाहेर असते आणि खालच्या बिजागरीवर तेवढाच दाब आत. खालचे स्क्रू दाबले जातात, त्यांना फारसं काही होत नाही. वरचे उपटले जात असतात. मुठीला पाच किलोची पिशवी कायम टांगलेली असेल तर याच हिशोबाने वरच्या बिजागरीवर आणखी ३ किलो चढतात. आमच्या त्या तीनदा घासलेल्या दाराच्या मुठीला वर्षानुवर्षं एक जड पिशवी लटकत होती. ती काढायला बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं तिसऱ्या दुरुस्तीनंतर.

आणि वरची बिजागरी ३ मि.मी. सुटली की काय होतं तेही बघा. वरचा कोपरा तेवढाच कडीच्या बाजूला सरकतो, शिवाय दाराची मोकळी बाजू जवळपास २ मि.मी. खाली येते. आपल्याकडे फट होती २ ते ३ मि.मी. ती संपली. दार घासायला एवढं पुरतं.

तिसरी तपासणी: स्क्रू आवळा, पण आधी उचला

स्क्रूच्या खाचेत नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या. लहान टोकाचा घेतला तर खाच खराब होते आणि मग तो स्क्रू काढणं हेच वेगळं काम होऊन बसतं. खाचेत रंग भरलेला असेल तर आधी टोकदार वस्तूने खरवडून काढा.

आता महत्त्वाचं. उतरलेल्या दाराचे स्क्रू तसेच आवळले तर स्क्रूला दाराचं वजनही ओढावं लागतं आणि आधीच मोठं झालेलं भोक आणखी फाटतं. म्हणून दाराखाली, मोकळ्या बाजूला, लाकडाची पाचर हलकेच सरकवा. दार उघडं ठेवून, पाचरीने वजन घेतलं की वरची बिजागरी लाकडात तिच्यासाठी कोरलेल्या खाचेत आपसूक बसते. मग आवळा. बाबांचं एकच वाक्य ठरलेलं आहे: “आधी उचल, मग आवळ.” पाचर नसेल तर पायाने दाबायची तरफ चालते. जमिनीवर लाकडाचा छोटा तुकडा, त्यावर सपाट पट्टी, पट्टीचं एक टोक दाराखाली आणि दुसऱ्यावर पाय. हाताने उचलून धरण्यापेक्षा हे पाठीला सोसतं आणि दार जागचं हलत नाही.

वीज किंवा बॅटरीवर चालणारं यंत्र शेवटच्या दोन फेऱ्यांना वापरू नका. भोक धरतंय की नुसतं फिरतंय, हे हातालाच कळतं.

सगळे स्क्रू घट्ट बसले? पाचर काढा, दार लावून बघा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त दारांचं काम इथेच संपतं.

चौथी तपासणी: स्क्रू फिरतो, पण आवळत नाही

याचा अर्थ भोकातलं लाकूड झिजलंय. इथे लोक जाडा स्क्रू घालतात. तो काही महिने धरतो, पण त्याचं डोकं बिजागरीच्या खळग्यात पूर्ण बसत नाही, वर राहतं आणि दार मिटताना दोन पानांमध्ये अडतं. मग दार शेवटच्या क्षणी मागे ढकलल्यासारखं होतं आणि एका दुखण्याची दोन होतात.

त्याऐवजी भोक भरा. एका वेळी एकच स्क्रू काढायचा, बाकीचे तसेच ठेवायचे, म्हणजे दार उतरवावं लागत नाही. काडेपेटीच्या काड्या गुल तोडून किंवा बांबूच्या बारीक सळया घ्या. लाकडाच्या पांढऱ्या गोंदात बुडवून एकेक करून भोकात सरकवा. शेवटची काडी हातोडीने हलके ठोकावी लागेल इतक्या दाट भरा. वर आलेला भाग पटाशीने किंवा धारदार सुरीने कडेबरोबर छाटा.

आणि आता थांबा. बहुतेकांचं काम इथे बिघडतं. गोंद अर्ध्या तासात हाताला कोरडा लागतो, पण पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात. ओल्या गोंदात स्क्रू घातला की काड्या भोकात गोल फिरतात आणि सगळं पुन्हा सैल. दुसऱ्या दिवशी बरोबर मध्यावर बारीक भोक पाडा, स्क्रूच्या आट्यांच्या आतला जो गाभा असतो तेवढ्या जाडीचं. मग स्क्रू घाला. भोक न पाडता घातला तर काड्या फाकतात किंवा स्क्रू तिरका जातो, आणि तिरक्या स्क्रूचं डोकं पुन्हा वर राहतं.

जड दार असेल तर वरच्या बिजागरीतला चौकटीकडचा एक स्क्रू लांब घालावा, म्हणजे त्याला आत कोरं लाकूड मिळतं. किती लांब ते चौकटीच्या जाडीवर ठरतं. चौकट मोजा आणि स्क्रू लाकडातच राहील असा निवडा. मागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेलेला लाकडाचा स्क्रू काही धरत नाही, उलट चौकट चिरू शकते. डोकं आणि जाडी जुन्या स्क्रूसारखीच हवी. फार आवळूही नका, बारीक चौकट त्याने वाकते.

बिजागरी झिजलेली असेल तर त्याच मापाची आणा. जुनी काढून सोबत नेणं उत्तम, कारण उंची, रुंदी, पानाची जाडी आणि भोकांच्या जागा हे सगळं जुळलं तरच ती जुन्या खाचेत बसते.

पाचवी तपासणी: पुठ्ठ्याचा तुकडा

स्क्रू घट्ट, बिजागरी चांगली, तरी वरचा कोपरा थोडा लागतोच. अशा वेळी खालच्या बिजागरीच्या पानामागे पुठ्ठा घालतात. खालून दार किंचित बाहेर ढकललं गेलं की ते वरच्या बिजागरीभोवती फिरतं आणि मोकळी बाजू वर उचलली जाते. व्हिजिटिंग कार्ड साधारण ०.३ मि.मी. जाड असतं. तीन कार्डं घातली तर खालची बाजू सुमारे १ मि.मी. बाहेर येते आणि वर सांगितलेल्या मापाच्या दारात मोकळी बाजू ०.६ मि.मी. वर जाते. ऐकायला कमी वाटतं, पण कागद अडकायचा तो सुटतो.

दार लावून आधी बघा की कडीच्या बाजूला खाली पुरेशी फट आहे. नसेल तर वरचं सुटेल आणि खालचं अडकेल.

पुठ्ठा बिजागरीच्या खाचेच्या मापाने कापायचा, बाहेर डोकावता कामा नये. इथे दोघं लागतातच: एकजण पाचरीवर दार तोलून धरतो, दुसरा खालचे स्क्रू अर्धे सैल करून पुठ्ठा सरकवतो. आमच्याकडे कापायचं काम बाबा करतात. ते आधी जुन्या कागदावर खाचेचा ठसा घेतात: कागद खाचेवर धरून पेन्सिल आडवी घासायची, कडा आपोआप उमटतात. त्या ठशावरून कापलेला तुकडा पहिल्याच फटक्यात बसतो. ओलीच्या जागी पुठ्ठ्याऐवजी पातळ प्लॅस्टिक घ्या.

दार शेवटी मागे ढकलत असेल, म्हणजे बिजागरीची बाजू दाटत असेल, तरी इलाज हाच. त्या वेळी खाच जास्त खोल झालेली असते आणि पान लाकडाच्या पातळीखाली बसतं. ज्या बिजागरीकडे खडूची खूण उमटली तिच्यामागे एक-दोन कार्डं घाला.

लॅच लागत नसेल तर

लॅचच्या जिभेला खडू लावा, दार लावा, चौकटीवरच्या पट्टीवर ठसा बघा. ठसा भोकाच्या खाली असेल तर दार उतरलंय, मागे जाऊन बिजागरी बघा. उतरलेल्या दारासाठी पट्टी सरकवली तर दार पुढे आणखी उतरल्यावर तेच काम पुन्हा करावं लागतं. बिजागऱ्या नीट असूनही १-२ मि.मी.चा फरक राहिला तर पट्टीचं भोक कानशीने घासून मोठं करा.

आपोआप फिरणारं दार

खीळ निघणारी बिजागरी असेल तर मधली किंवा खालची एकच खीळ काढा, दगडावर आडवी ठेवून हातोडीचा एक हलका ठोका द्या, जेमतेम वाकेल इतका. परत घातली की ती नळीत किंचित अडते आणि दार जिथे सोडलं तिथे थांबतं. ही युक्ती आहे, इलाज नाही. चौकट ओळंब्यातून गेलेली तशीच राहते. गेली कित्येक वर्षं ती तशीच असेल तर चालेल. अलीकडे गेली असेल तर तिच्याकडे लक्ष द्यायला हवं.

लाकूड फुगलंय का?

लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही, रुंदीत वाढतं. लाकडातली ओल ४ टक्क्यांनी बदलली की रुंदीत साधारण १ टक्का फरक पडतो, जातीनुसार आणि कापणीनुसार कमी-जास्त. चौकटीचं दार असेल, म्हणजे दोन उभ्या पट्ट्या आणि मध्ये खाचेत सुट्या बसवलेल्या फळ्या, तर रुंदी वाढते ती फक्त उभ्या पट्ट्यांची. प्रत्येकी १०० मि.मी. धरली तर दोन्ही मिळून २ मि.मी. पण जोडफळ्यांचं ८०० मि.मी. रुंद दार असेल तर याच हिशोबाने ८ मि.मी. प्लायवुडच्या सपाट दारात थर एकमेकांना आडवे असतात, त्यामुळे ते फारच कमी फुगतं. प्लायवुडचं दार ‘फुगलं’ असं वाटत असेल तर आधी बिजागरी पुन्हा बघा आणि मग खालची कड पाण्याने सुटली आहे का ते बघा.

आमची सगळ्यात मोठी चूक याच बाबतीत झाली. ऐन पावसाळी हवेत दार दाटलं, आम्ही कडीची बाजू वरपासून खालपर्यंत रंधून काढली. त्या दिवशी दार सुरेख बसलं. हवा कोरडी झाल्यावर फट ७ मि.मी. झाली, लॅचची जीभ पट्टीला जेमतेम टेकायची. शेवटी त्या कडेला ५ मि.मी. लाकडाची पट्टी गोंदाने चिकटवून, घासून, रंगवून घ्यावी लागली. दोन रविवार गेले. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे: दमट हवेत रंधा नाही. तोपर्यंत घासणाऱ्या कडेवर मेणबत्तीचा तुकडा किंवा कोरडा साबण घासा. दार सरकतं आणि वेळ निभावते.

दार फुगतं कुठून, हे शोधायला एक छोटा आरसा घ्या. उघड्या दाराखाली जमिनीवर आडवा धरा आणि खालची कड बघा. मग स्टुलावर चढून वरची कड बघा (चढायचं तरुण माणसाने, स्टूल धरायचं दुसऱ्याने). या दोन कडा बहुतेक दारांत कोऱ्या असतात, कारण बसवल्यानंतर रंगाऱ्याचा ब्रश तिथे पोचत नाही. आणि नेमक्या तिथेच उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं उघडी असतात. लाकडाच्या नळ्या तिथे तोंड उघडून बसलेल्या असतात, पाणी सपाट बाजूपेक्षा कितीतरी वेगाने आत जातं. हवा कोरडी झाल्यावर, लाकूड आकसल्यावर, या दोन्ही कडांना रंगाचे किंवा वॉर्निशचे दोन-तीन हात द्या. खालच्या कडेसाठी दार उतरवायला नको, रंगात बुडवलेला गालिच्याचा तुकडा पट्टीवर गुंडाळून खालून फिरवला तरी चालतं. न्हाणीघराच्या दाराला या एका कामाने जेवढा फरक पडलेला मी बघितलाय तेवढा दुसऱ्या कशाने पडलेला नाही.

शेवटी रंधा

वरचं सगळं झालं, हवा कोरडी आहे, तरी खडू एकाच जागी उमटतोय. आता रंधा काढा.

जुन्या घरातला जुना रंग असेल तर आधी विचार करा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना, गरोदर बायकांना फार वाईट. असा रंग कोरडा घासू नका, यंत्राने तर नाहीच. कड पाण्याने ओली करून घासा, खाली प्लॅस्टिक पसरा, मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा आणि निघालेला कचरा ओल्या फडक्याने गोळा करा. रंग शिशाचा आहे असं खात्रीने कळलं तर ते काम त्यातल्या माणसाकडे द्या.

किरकोळ घासत असेल तर लाकडाच्या ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून घासलं की पुरतं. जास्त असेल तर दार उतरवावं लागतं. उतरवताना खालची बिजागरी आधी, मधली नंतर, वरची शेवटी. बसवताना उलट, वरची आधी. वरची आधी काढली तर सगळं दार खालच्या बिजागरीवर कलतं आणि पान वाकतं किंवा लाकूड चिरतं. उतरवताना दाराखाली पाचर हवीच, आणि दार धरणारा माणूस शेवटच्या स्क्रूपर्यंत हात सोडत नाही.

दार आडवं, कडेवर उभं करा. रंध्याचं पातं बारीक काढा, पारदर्शक पापुद्रे निघतील इतकं. उभ्या कडेला रेषांच्या दिशेने रंधा चालवा. लाकूड खरखरीत उपटलं जातंय असं वाटलं तर दिशा उलटी करा. वरच्या किंवा खालच्या कडेवर मारायचा असेल तर टोकाकडून आत या, मधून टोकाकडे गेलात तर कोपऱ्याचा तुकडा उडतो. दर दहा-बारा हातांनी माप घ्या. लॅचच्या कडेला, दार ज्या बाजूने आधी चौकटीत शिरतं त्या बाजूला दोन-तीन अंशांचा हलका उतार ठेवा, म्हणजे मिटताना तीच धार आधी अडत नाही. तासलेली कड त्याच दिवशी रंगवून बंद करा. कोरी ठेवली तर ती पुन्हा पाणी ओढते.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पुढचं काही दिसलं तर मी स्वतः हात लावत नाही.

चौकट किंवा दार टोचून बघितल्यावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक सहज आत गेलं, ठोकल्यावर पोकळ आवाज आला, मातीच्या बारीक नळ्या दिसल्या. ही वाळवी आहे. आधी वाळवीचा बंदोबस्त करणारे, मग सुतार. नवा स्क्रू पोखरलेल्या लाकडात कितीही लांब घातला तरी बसणार नाही.

हाताने ढकलल्यावर चौकटच हलते. तिची भिंतीतली पकड सुटली आहे. सुतार आणि गवंडी दोघंही लागतात.

भिंतीतला तडा. चौकटीच्या कोपऱ्यातली केसाएवढी रेघ गिलाव्याची असते, ती बहुतेक घरांत सापडते. पण तडा वाढत असेल तर दाराचा विचारच सोडा. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने तड्यांची जी प्रतवारी केली आहे तिच्यात ५ मि.मी.पर्यंतच्या तड्यांसोबत दारं-खिडक्या किंचित अडतात असं म्हटलंय, आणि ५ ते १५ मि.मी.च्या वर्गात दारं-खिडक्या अडकणं हे ठरलेलं लक्षण आहे. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करा, मधलं अंतर मोजून शेजारी तारीख लिहा, दर आठवड्याला पुन्हा मोजा. ५ मि.मी.च्या पुढे असेल, वाढत असेल किंवा घरातली दोन-तीन दारं एकाच सुमारास घासायला लागली असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. अशा वेळी दार तासणं म्हणजे इशारा पुसून टाकणं.

आगीपासून संरक्षणासाठी बसवलेलं दार असेल तर ते तासू नका, त्याची बिजागरीही मनाने बदलू नका. त्याच्या फटी आणि कडा ठरवून दिलेल्या असतात.

आतून पोकळ असलेल्या सपाट दाराच्या कडेला लाकडाची अरुंद पट्टीच असते. ३ मि.मी.हून जास्त काढावं लागणार असेल तर सुताराला विचारा. काचेचं किंवा दोघांना पेलणार नाही इतकं जड दार असेल तर उतरवूच नका. वडिलांच्या पाठीपुढे दार महत्त्वाचं नाही. ते ‘मी धरतो’ म्हणाले तरी तुम्ही नाही म्हणा.

खालची कड सतत ओली असेल तर आधी पाणी येतंय कुठून ते बघणारा प्लंबर.

आणि नीट आवळून, भोकं भरूनही महिन्याच्या आत दार पुन्हा उतरलं तर सुताराला बोलवा. बहुधा तिसरी बिजागरी लागेल किंवा खाचा नव्याने पाडाव्या लागतील. तो आला की काय काय करून झालंय ते त्याला सांगा. आमच्याकडे त्यासाठी दाराची वरची कड आहे, जिथे कोणाची नजर जात नाही. बाबा मापं सांगतात आणि मी तिथे पेन्सिलने लिहिते: तारीख, वरची फट, कडीकडची फट, कुठल्या बिजागरीमागे किती कार्डं. मागच्या वेळी सुतार स्टुलावर चढला, त्या चार ओळी वाचल्या आणि हातातला रंधा खाली ठेवून वरच्या बिजागरीचे स्क्रू काढायला लागला.